बुटावरची बाही: पाणी अडवावे की वाफ सोडावी?



पदभ्रमणाच्या सहलीची सूचना शाळेच्या फलकावर लागते, तेव्हा तिच्याखाली बरोबर आणावयाच्या वस्तूंची यादीही असते. पाण्याची बाटली, विजेरी, टोपी, सुका खाऊ या नेहमीच्या वस्तूंबरोबर काही याद्यांत आता 'गेटर' हा शब्दही दिसतो. गेटर म्हणजे बुटाचे तोंड आणि पायमोज्याची वरची कड यांवर चढवायची कापडी बाही. ती मागवायला दुकानात गेलात, तर बहुधा गुडघ्यापर्यंत पोहोचणारी, जाड कापडाची आणि आतून प्लॅस्टिकसारखा लेप दिलेली जोडी तुमच्यापुढे ठेवली जाईल. 'पूर्ण वॉटरप्रूफ' हे शब्द तिच्यावर ठळक छापलेले असतील आणि किंमतही तशीच भक्कम असेल.

सह्याद्रीत हिंडणाऱ्या शाळकरी मुलामुलींना या जोडीची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना हवे ते आखूड, हलके आणि हवा खेळू देणारे गेटर. ते स्वस्तात मिळते आणि बहुतेक वेळा घरीही शिवता येते. प्रश्न केवळ पैशांचा असता, तर मी या मासिकाची पाने अडवली नसती. चुकीचे गेटर पाय ओला ठेवते, ओल्या पायाला फोड येतात, आणि फोड आलेला एक विद्यार्थी सगळ्या तुकडीचा वेग ठरवतो. शिवाय यादीतली वस्तू परवडत नाही म्हणून एखादा विद्यार्थी सहलीला नावच देत नाही, हे तर त्याहून वाईट. म्हणून या साध्या बाहीचे काम काय, याचा आपण नीट विचार करू.

दोष मूळचा कोणाचा?

तुमच्यापैकी कोणी विचारील, "गडावरचे धनगर, कातकरी आणि गुराखी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात फिरत आले. त्यांना कुठे गेटर लागले?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर त्यांच्या वहाणांत आहे. उघड्या वहाणेत खडा शिरतो तसा पाय झटकला की निघूनही जातो. पाणी शिरते तसे ओघळून जाते. घाम तर साचतच नाही, कारण पायाभोवती सतत वारा असतो.

आपण बंद बूट घालतो, कारण आपल्या पावलांना खडकांची सवय नसते. बोटांना ठेच लागू नये, तळवा सोलवटू नये, यासाठी बूट हवाच. पण बुटाला वरच्या बाजूस तोंड असते. तेथून आत पडलेला खडा आतच राहतो आणि आत तयार झालेला घामही आतच राहतो. बंद बुटाचे हे दोन दोष आहेत. गेटर पहिला दोष दूर करण्यासाठी असते. तो दूर करताना त्याने दुसरा दोष वाढवता कामा नये. गेटर निवडण्याची सगळी कसोटी एवढ्या वाक्यात सामावलेली आहे.

आत काय शिरते?

सह्याद्रीच्या वाटेवर बुटात तीन गोष्टी हमखास शिरतात. पहिली म्हणजे मुरूम आणि बारीक खडी. उतारावर टाच घसरली की खडे उडून बुटात पडतात. दुसरी म्हणजे पावसाळ्यातला चिखल. आणि तिसरी, पावसाळा संपल्यावर भेटणारी, म्हणजे कुसळे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास डोंगरउतार सोनेरी गवताने झाकलेले दिसतात. त्यांत कुसळी गवत भरपूर असते. त्याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. 'कॉन्टॉर्टस' या लॅटिन शब्दाचा अर्थ पिळवटलेला. या गवताचे एक बी हातात घेऊन पाहा. खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार असून त्यावर मागे वळलेले ताठ केस असतात. वरच्या बाजूला दोरीसारखे पिळलेले लांब शेपूट असते. हे शेपूट ओले झाले की त्याचा पीळ उलगडतो, सुकले की पुन्हा बसतो. रात्री दव, दिवसा ऊन, या आळीपाळीने बी स्वतःभोवती फिरते आणि मातीत शिरते. मागे वळलेल्या केसांमुळे त्याला मागे येता येत नाही. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी १८७६ साली अशाच बियांच्या शेपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

आता हे यंत्र मातीऐवजी तुमच्या पायमोज्यात शिरले तर काय होईल? घामाची ओल त्याला मिळते, चालण्याचे धक्केही मिळतात. ते पुढेच सरकत राहते आणि अखेर कातडीला टोचते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते अशी आपल्याकडे म्हण आहे. स्वतःच्या मोज्यातले कुसळ मात्र दिसत नसले तरी चांगलेच जाणवते!

ध्यानात घ्या की खडी, चिखल आणि कुसळे या तिन्ही घन किंवा घट्ट वस्तू आहेत. त्यांना अडवायला दाट विणीचे साधे कापड पुरते. त्यासाठी पाणी अडवणारे प्लॅस्टिक लागत नाही.

बाहेर काय जायला हवे?

तळहात आणि तळपाय यांवर घामाच्या ग्रंथी शरीरात सर्वांत दाट असतात. चढ चढताना पायाला घाम येणारच. तो वाफ होऊन गेला तर पाय थंड आणि बऱ्यापैकी कोरडा राहतो. तो गेला नाही, तर कातडी भिजून मऊ होते. ओलसर कातडी आणि मोजा यांच्यातील घर्षण कोरड्या कातडीपेक्षा जास्त असते. प्रत्येक पावलाला मोजा कातडीला धरून ओढतो, आतले हाड मात्र पुढे सरकते. कातडीच्या थरांची अशी ओढाताण हजारो वेळा झाली की थर सुटे होतात, मध्ये पाणी भरते. यालाच आपण फोड म्हणतो.

मग वाफ जाते कोठून? काही बुटाच्या कापडातून जाते आणि काही बुटाच्या तोंडातून. पाऊल टेकले की बूट दाबला जातो, उचलले की तो फुगतो. लोहाराच्या भात्यासारखी थोडी थोडी दमट हवा तोंडावाटे बाहेर जाते आणि बाहेरची हवा आत येते. बुटाच्या तोंडावर जलरोधक पिशवी घट्ट बांधली, तर हा भाता बंद पडतो.

एवढ्यावरच थांबत नाही. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून पाण्याचे थेंब धरतात, हे तुम्ही पाहिले आहे. हवेतील वाफ थंड पृष्ठभागावर येऊन तिचे पाणी होते. जलरोधक गेटरची आतली बाजू हाच तो तांब्या. पायाची उबदार, दमट हवा तेथे पोहोचते, बाहेरच्या पावसाने थंड झालेल्या लेपाला टेकते आणि थेंब होऊन खाली मोज्यात उतरते. बाहेरचे पाणी अडवण्यासाठी आणलेली वस्तू आतल्या पाण्याने मोजा भिजवते.

एक चांगला आक्षेप

येथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, "पावसाळ्यात हवेची आर्द्रता शंभर टक्के असते. मग वाफ बाहेर जाणार कशी? हवा खेळणारे कापड असो वा प्लॅस्टिक, फरक काय?"

हा आक्षेप चांगला आहे, पण 'शंभर टक्के' या शब्दांनी फसू नका. आर्द्रतेची टक्केवारी त्या त्या तापमानाला असते. वाफेचा दाब पाहिला तर चित्र वेगळे दिसते. घामाने भिजलेल्या कातडीचे तापमान ३३ अंश सेल्सिअस धरले, तर तेथे बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ३८ मिलिमीटर असतो. पावसाळी डोंगरमाथ्यावरची २२ अंश तापमानाची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी तिच्यातील बाष्पदाब सुमारे २० मिलिमीटरच असतो. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, तशी वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. म्हणजे धुक्यात बुडालेल्या गडावरही पायाची वाफ बाहेर जाऊ शकते. तिचा वेग उन्हाळ्यापेक्षा कमी असेल, आणि कापड चिंब भिजले तर आणखी कमी होईल. पण वाट मोकळी हवी. प्लॅस्टिकचा लेप ती वाटच बुजवतो.

दुसरा आक्षेप असा की आता पाणी अडवणारी आणि वाफ सोडणारी कापडेही मिळतात. खरे आहे. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला आणि त्यातून अशी कापडे निघाली. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जात नाही, वाफ जाते. शोध मोठा सुरेख आहे. पण साध्या सच्छिद्र कापडाइतकी मोकळी वाट त्यातून मिळत नाही, चिखलाने ते माखले की उरलीसुरली वाटही अडते, आणि किंमत मात्र पुष्कळ असते. शिवाय आपल्या वाटांवर ओढे गुडघाभर असतात. ओढ्यात उतरलात की पाणी बुटाच्या कापडातून आणि लेसच्या भोकांतून शिरतेच. तेथे घोट्यावरचे जलरोधक कापड काय करणार? पावसाळ्यात सह्याद्रीत पाय भिजणार, हे मान्य करावे आणि ते लवकर निथळतील अशी सोय करावी, हेच शहाणपण.

पायावरचे वजन

आता वजनाचा विचार. गुडघ्यापर्यंतची जाड जोडी पाव किलोच्या आसपास भरते. आखूड, पातळ जोडी पन्नास-साठ ग्रॅमची असते. फरक सुमारे दोनशे ग्रॅम, म्हणजे प्रत्येक पायाला शंभर. एवढ्याशाने काय होते, असे वाटेल. थोडे गणित करू. तुमचे एक पाऊल ७० सेंटिमीटरचे धरले, तर १५ किलोमीटरच्या चालीत सुमारे २१,४०० पावले पडतात. म्हणजे प्रत्येक पाय सुमारे १०,७०० वेळा उचलला जातो. शंभर ग्रॅम इतक्या वेळा उचलले, तर बेरीज हजार किलोग्रॅमच्या वर जाते!

पायावरचे वजन पाठीवरच्या वजनापेक्षा महाग पडते, कारण पाठ बऱ्यापैकी एका गतीने पुढे जाते, पाऊल मात्र दर वेळी थांबते आणि पुन्हा गती घेते. १९६९ साली सोल आणि गोल्डमन या अमेरिकी संशोधकांनी चालणाऱ्या माणसांची ऊर्जा मोजली. पायाला बांधलेल्या एक किलोग्रॅमसाठी लागणारी जादा ऊर्जा, तेवढेच वजन धडावर वाहताना लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे चार ते सहा पट भरली. या हिशेबाने पायांवरचे दोनशे ग्रॅम पाठीवरच्या सुमारे किलोभर ओझ्याएवढे झाले. म्हणजे जड गेटरऐवजी हलके घेतले, तर तेवढ्याच श्रमात लिटरभर पाणी जास्त नेता येईल. चढावर काय उपयोगी पडेल, ते तुम्हीच सांगा.

मग लांब गेटर कोणासाठी?

लांब जलरोधक गेटर वाईट आहे, असे मी म्हणत नाही. ते दुसऱ्या ठिकाणासाठी आहे. हिमालयात मऊ बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. बर्फ बुटात शिरतो, पायाच्या उबेने वितळतो आणि पाय गोठण्याचा धोका निर्माण होतो. तेथे लांब, जाड गेटर बोटे वाचवते.

गंमत अशी की या वस्तूचा एक पूर्वज आपल्याच देशातला आहे. हिमालयातले लोक पायाला लोकरीची पट्टी गुंडाळत. ती पाहून ब्रिटिशांनी आपल्या सैन्याला दिली आणि 'पट्टी' हा शब्दच इंग्रजीत 'पटी' म्हणून गेला. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत मॅलरी यांच्या पायांना काश्मिरी लोकरीच्या पट्ट्याच होत्या. पण पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, खंदकांतल्या चिखलपाण्यात दिवस-दिवस उभ्या राहणाऱ्या सैनिकांना ओल, थंडी आणि आवळलेले बूट-पट्ट्या यांमुळे पायांच्या गंभीर विकाराला तोंड द्यावे लागले. पायाचे आवरण आवळून बांधू नये आणि पाय सतत ओला ठेवू नये, हा धडा तेव्हा फार मोठी किंमत देऊन शिकला गेला. तो आपण फुकट घेऊ या.

निवडताना काय पाहावे?

उंची: बुटाच्या तोंडापासून वर चार बोटे पुरेत. मोज्याची कड झाकली गेली की काम झाले.

कापड: ते तोंडाशी धरून जोराने फुंका. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला, तर हवा खेळते. मग एक कुसळ त्यावर टोचून पाहा. ते सहज आरपार गेले, तर वीण फार विरळ आहे. दोन्ही परीक्षांत उतरणारे कापड घ्या. सुती कापड पाणी जास्त धरते आणि सावकाश वाळते. पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही ओल शोषत नाही, म्हणून ताणणारे पातळ पॉलिएस्टर किंवा नायलॉन बरे.

बांधणी: पुढे लेसमध्ये अडकवायचा एक हूक, मागे टाचेला धरून ठेवणारी इलास्टिकची पट्टी. तळव्याखालून दोरी नको. खडकावर घासून ती लवकर तुटते. वरच्या कडेत एक बोट सहज शिरले पाहिजे, नाहीतर रक्ताभिसरणाला अडथळा होईल.

रंग: फिका. त्यावर चढलेला किडा चटकन दिसतो.

आणि हे सर्व घरी करायचे असेल, तर जुन्या ट्रॅकपँटच्या पायाचा खालचा वीतभर तुकडा घ्या. कडा दुमडून शिवा, वरच्या कडेत सैल इलास्टिक ओवा, पुढे ब्लाउजचा मोठा हूक आणि मागे इलास्टिकची पट्टी लावा. झाले गेटर तयार.

गेटर काय करू शकत नाही?

ज्याची बाजू मांडायची, त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पातळ कापड म्हणजे चिलखत नव्हे. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांच्या दंशापासून ते वाचवील, अशा भ्रमात राहू नका. गवतात पाहूनच पाऊल टाका, आणि दंश झालाच तर वेळ न दवडता प्रतिसर्पविष मिळेल असे रुग्णालय गाठा.

जळवांच्या जंगलातही आखूड गेटर अपुरे पडते, कारण जळू त्यावरून वर चढते. तेथे दाट विणीचा, गुडघ्यापर्यंतचा कापडी मोजा बुटाच्या आत घालतात. जळू लागलीच तर नखाने तिचे तोंड अलगद सरकवून ती सोडवावी आणि जागा साबणाने धुवावी.

गोचिडांचा धोका अधिक गंभीर आहे. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप गोचिडांमार्फत पसरतो. गोव्यात सत्तरीत २०१५ साली आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ साली त्याची साथ आली होती. अशा भागात जायचे झाल्यास आधी आरोग्य केंद्रात चौकशी करावी, पूर्ण अंगभर कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यात खोचावीत आणि परतल्यावर अंग तपासावे. तेथे केवळ गेटरवर विसंबणे धोक्याचे आहे.

शिक्षकांना एक विनंती

सहलीच्या यादीत 'गेटर' एवढाच शब्द लिहू नका. 'आखूड, हवा खेळणारे. घरी शिवलेले चालेल' असे लिहा. त्या सहा शब्दांनी एखाद्या घरचा खर्च वाचेल आणि एखादा विद्यार्थी सहलीला येईल. सहलीआधीच्या कार्यानुभवाच्या दोन तासिकांत सगळ्या वर्गाची गेटर तयार होऊ शकतील.

आणि विद्यार्थ्यांनो, माझे म्हणणे केवळ छापले आहे म्हणून मानू नका. प्रयोगशाळेतल्या तराजूवर दोन कोरड्या, सारख्या मोज्यांचे वजन करा. दोन्ही पायांत बूट-मोजे घाला. एका पायाच्या घोट्यावर आणि बुटाच्या तोंडावर पातळ कापड सैलसर बांधा, दुसऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी तळव्याखाली येऊ देऊ नका, पाय घसरेल. मैदानावर तासभर भरभर चाला आणि मोज्यांचे पुन्हा वजन करा. दुसऱ्या दिवशी पायांची अदलाबदल करून हाच प्रयोग करा. एका पायाला मुळातच जास्त घाम येत असेल, तर तेही कळेल. वर्गातल्या दहा जणांनी आकडे जमवले, तर फळ्यावर एक चांगला तक्ता तयार होईल. त्या तक्त्यावरून तुमच्या यादीत काय लिहायचे, ते तुम्हीच ठरवा.